शुक्रवार, दुपारी दोन

भाऊ गेला त्याच दिवशी ग्लेनिस ट्रेवार्थाने डोळे पुसले, चहा टाकला आणि संगणक चालू केला. भेटायला माणसं येणारच होती. पण मर्व्हला निरोप द्यायला कधी यायचं, हे गावाला आधी कळायला हवं होतं. पोर्ट ब्रेनकमध्ये कुणी गेलं की लोक आधी गावाच्या वेबसाइटवरचं निधनाचं पान उघडतात आणि मगच इस्त्री काढतात. पानावर फार काही नसतं. नाव, चर्च, वार, वेळ, आणि शेवटी 'येताना एक ताट आणावे'. अंत्यविधीनंतर हॉलमध्ये चहा असतो आणि त्याला कुणी रिकाम्या हाताने जात नाही.

हे पान ग्लेनिसचंच होतं. तसं पाहिलं तर सगळी वेबसाइटच तिची होती. भरती-ओहोटीच्या वेळा, हॉलचं आरक्षण, म्हाताऱ्यांच्या बसचे दिवस, शाळेची जत्रा. गावच्या प्रगती मंडळासाठी तिने ही सगळी पानं एकटीने उभी केली, आणि घरातली फुलझाडं सांभाळावीत तशी वर्षानुवर्षं सांभाळली. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'पानाची देखभाल: जी. ट्रेवार्था'. आयुष्यात तेवढाच काय तो तिने स्वतःचा बडेजाव केला.

माणसांना माणसं जोडून द्यायचं काम तिला लहानपणापासूनच होतं. शाळा सुटली आणि ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. पोस्टाच्या मागची खोली, समोर भोकाभोकांचा फळा, डोक्याला हेडफोन, हातात जोडणीच्या वायरी. कुणाची सोयरीक मोडते आहे, कुणाचं शेत लिलावात निघतं आहे, कुणाच्या पोटात दुखतं आहे, हे गावाच्या आधी तिला कळायचं आणि तिच्यापाशीच राहायचं. पुढे आपोआप लागणारे फोन आले. खात्याचे साहेब शहरातून आले, चार गोड शब्द बोलले, तिला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं, आणि दुसऱ्या सकाळी खोलीला कुलूप लागलं. घड्याळ अजून चालतं, पण मागे पडतं. त्यानंतर शाळेच्या कचेरीत तिने आयुष्य काढलं. नवरा लवकर गेला. मग धान्याच्या कोठारांवर काम करणारा तिचा बिनलग्नाचा भाऊ मर्व्ह मागच्या खोलीत राहायला आला. तो आला आणि राहिलाच.

मर्व्हला सगळं गाव ओळखायचं, पण चर्चच्या आत बसलेलं त्याला फारसं कुणी पाहिलं नसेल. अंत्यविधी कुणाचाही असो, हा चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून फाटकापाशी उभा, हात हलवून गाड्या लावून देत. 'तू इकडे, तू त्या झाडाखाली. अरे डिक, ती गाडी आहे, ट्रॅक्टर नाही, सरळ लाव!' मंडळी आत गेली की हा हॉलच्या मोरीपाशी. सगळा गाव चहा पिऊन घरी जाईपर्यंत मर्व्हचे हात साबणाच्या पाण्यात.

"तुझ्या वेळेला कप कोण धुणार रे?" ग्लेनिस चेष्टेने म्हणायची.

"ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणायचा. "मला काय, मी पडलेला असणार. पण ग्लेन, चहाला रांग लागली पाहिजे बरं का. पार रस्त्यापर्यंत. नाहीतर मी उठून बसेन."

तो हसत म्हणायचा, पण तिला ठाऊक होतं, या माणसाने आयुष्यात एवढंच मागितलं होतं.

म्हणून तिने पानावर लिहिलं, 'मर्व्हिन पास्को, शुक्रवार, दुपारी दोन'. फाइल सर्व्हरवर चढवली, वेबसाइट उघडून पाहिली, पान जागच्या जागी होतं. मग कुठे ती रडली.

सोमवारी संध्याकाळी अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या माणसाचा फोन आला. शुक्रवारी त्याने दोन ठिकाणचे विधी घेऊन ठेवले होते आणि शवपेटी न्यायची गाडी एकच. फार ओशाळला होता बिचारा. गुरुवारी सकाळी अकराला जमेल का? पाद्रीबाईंना जमतंय.

"जमेल की," ग्लेनिस म्हणाली. "पान बदलायला असा किती वेळ लागतो?"

मंगळवारी सकाळी तिने 'शुक्रवार' खोडून 'गुरुवार' केलं, 'दोन' खोडून 'अकरा' केलं, आणि फाइल पाठवली. पडद्यावर हिरवी पट्टी भरत गेली, खाली अक्षरं उमटली, 'सर्व फाइली पोहोचल्या'. तिने वेबसाइट उघडली.

शुक्रवार, दुपारी दोन.

तिने फाइल पुन्हा पाठवली. पुन्हा हिरवी पट्टी, पुन्हा 'पोहोचल्या', पुन्हा शुक्रवार.

बिघाड शोधायची तिची पद्धत एक्स्चेंजमधली होती. लाइन कुठे तुटली हे शोधायचं तर आपल्या टोकापासून निघायचं आणि एकेक खांब ठोकत जायचं. घाई करायची नाही. आधी आपलीच चूक धरायची. संगणक जुनं पान लक्षात ठेवून तेच दाखवतो आहे का? तिने त्याची साठवण पुसून काढली. शुक्रवार. फाइल भलत्या फोल्डरमध्ये जाते आहे का? तिने फोल्डर उघडून पाहिलं. 'निधन' तिथेच होतं आणि त्यावर तारीख आजची. पासवर्ड चुकला असता तर सर्व्हरने दारातच अडवलं असतं, पण तो तर तिला आत घेत होता. तिने सर्व्हरवरची फाइल परत आपल्याकडे उतरवून वाचली. गुरुवार, सकाळी अकरा. म्हणजे सर्व्हरच्या पोटात गुरुवार आणि जगाच्या तोंडावर शुक्रवार! असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

शेजारची आयरिस गाजराचा केक घेऊन आली तेव्हा ग्लेनिसने तिला फोन उघडायला लावला.

"माझ्यातही शुक्रवारच दिसतोय," आयरिस म्हणाली. "मर्व्हला मेली घाई कशाची नव्हतीच कधी."

"आयरिस, चेष्टा नको. मी दहादा पाठवलंय गं."

आयरिसने केकवरचा कागद उगाच सारखा केला. "रेलीनशी बोललीस का?"

"रेलीनचा काय संबंध? ती मंडळाची सचिव. तिला फाइल आणि फाइलीचं कपाट यातला फरक माहीत नाही."

"नाही, आपलं... म्हटलं बोलून बघ."

"ती कॅरॅव्हॅन घेऊन वर डोंगरांत गेलीये ना नवऱ्याबरोबर? तिकडे कावळ्याचा आवाज पोचत नाही, फोन कुठला पोचतोय!"

"हो, तेही आहेच," आयरिस म्हणाली. तिला घरी काहीतरी शिजत ठेवल्याची आठवण झाली आणि ती गेली. ग्लेनिसने त्यावर विचार केला नाही. तिचं लक्ष पुढच्या खांबाकडे होतं.

बुधवारी सकाळी तिने सर्व्हर ज्या कंपनीचा होता तिथे फोन लावला. बराच वेळ बासरी वाजली. मग एक मऊ आवाजाचा तरुण आला. तिने त्याला सगळं क्रमाने सांगितलं, काय केलं आणि काय झालं.

"तुम्ही अगदी बरोबर केलंय, बाई," तो म्हणाला. "तुमच्या फाइली आमच्याकडे पोचल्यात, मला इथे दिसतायत. पण तुमच्या गावाच्या वेबसाइटचा पत्ता आता आमच्याकडे येत नाही. सोमवारी तो दुसऱ्या कंपनीकडे वळवलाय. लोक पत्ता टाकतात ते तिकडे जातात. तुम्ही पाठवता ते इकडे येतं."

"पण पानं तर माझीच दिसतात."

"त्यांनी नक्कल करून नेली असणार. सोमवारी जशी होती तशी."

"कुणी वळवलं?"

"इथे मंडळाच्या सचिवांची सही आहे, महिन्यापूर्वीची. तुम्हाला कल्पना नव्हती का?"

"होती तर," ग्लेनिस म्हणाली. "वय झालं, विसरले."

फोन ठेवून ती तशीच बसली. रिकाम्या घरात उभं राहून हाका मारल्यासारखं दोन दिवस चाललं होतं. सर्व्हरसुद्धा भला. दर वेळी मान हलवून म्हणत होता, पोहोचलं हो, पोहोचलं.

मग तिला सुचलं. तिने निधनाचं पान पुन्हा उघडलं आणि खाली, अगदी तळाशी गेली. इतके दिवस तिने वेळेच्या ओळीखाली पाहिलंच नव्हतं. 'पानाची देखभाल: जी. ट्रेवार्था' ही ओळ तिथे नव्हती. भरती-ओहोटीच्या पानावर नव्हती. बसच्या पानावर नव्हती. एकेका पानावरून कुणीतरी नीट बसून ती काढली होती. मर्व्हच्या पानावरूनही काढली होती. म्हणजे ते पान त्या माणसाच्या डोळ्यांसमोर उघडं होतं.

लिंडसे बॉटरल हा मंडळाचा अध्यक्ष. ग्लेनिस त्याच्या शेताच्या कडेला गाडी लावून उभी राहिली. गव्हाची कापणी ऐन भरात होती. मोठं यंत्र धुरळा उडवत लांबून येताना दिसलं आणि तिला पाहून थांबलं. लिंडसे शिडीवरून उतरला आणि टोपी काढली. टोपी काढली तेव्हाच तिला कळलं की याला माहीत आहे.

"ग्लेन, मर्व्हचं ऐकून फार वाईट वाटलं गं. शुक्रवारी आम्ही सगळे..."

"गुरुवारी. उद्या. अकराला. वेबसाइटवर शुक्रवार दिसतोय, कारण वेबसाइट आता माझ्याकडे नाही. कधी ठरलं हे?"

त्याने मान खाजवली. "ऑगस्टच्या सभेत. पण म्हणजे... तुला सांगितलं ना आपण."

"कधी?"

"अगं, बिल्ला नाही का दिला तुला!"

वार्षिक सभा. तिला ती आठवली, आणि आता पहिल्यांदा पुरती आठवली. सगळी पदं रिकामी झाली म्हणून जाहीर करायचं आणि मग तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसवायची, हे ब्रेनकमध्ये दर वर्षीचं. त्या दिवशी मध्येच लिंडसेने तिला पुढे बोलावलं, तहहयात सभासद केलं, सोनेरी बिल्ला लावला. टाळ्या झाल्या. मर्व्हने तर मागून शिट्टी मारली. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि 'इतर विषय' निघायच्या आत ती नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेली, कारण खिमा भरलेल्या पेस्टी गरम करायच्या होत्या आणि पाणी उकळत आलं होतं. इतर विषयांच्या वेळी ती सभेत कधीच नसायची. सगळ्यांना ते माहीत होतं. घरी आल्यावर त्याच आठवड्यात तिने हुरूप येऊन बसचं पान नव्याने केलं होतं.

ब्रेनकमध्ये कुणाला तोंडावर 'आता पुरे' म्हणायची रीत नाही. इथे मानाचा नारळ देतात. बोलिंग क्लबात म्हाताऱ्या वॉल्टरला असाच दिला होता, तेव्हा ग्लेनिस स्वतः टाळ्या वाजवत होती. पण स्वतःच्या छातीवर टोचलेला बिल्ला माणसाला वाचता येत नाही.

"रेलीनच्या पुतण्याची कंपनी आहे शहरात," लिंडसे सांगत होता. "नवं रूप देणार आहेत. फोनवर नीट दिसेल असं. तुला त्रास नको म्हणून आम्ही म्हटलं..."

"त्रास नको म्हणून."

"रेलीन म्हणाली, लिंडसे सांगेल. मला वाटलं, बिल्ला दिलाय म्हणजे तू समजलीच असशील. तू इतकी हुशार!"

"लिंडसे, पासवर्ड कुणाकडे आहे?"

"रेलीनकडे."

"पुतण्याचा नंबर?"

"तोही तिच्याकडेच. कंपनीचं नावही आठवत नाही बघ मला." त्याने यंत्राकडे पाहिलं. ते धडधडत उभंच होतं. "मी सांगतो ना सगळ्यांना. तू काळजी करू नकोस. गाव काय एवढंसं. वाऱ्यावर बातमी जाते इथे."

"वाऱ्यावर गेली असती, तर तुम्हाला वेबसाइट कशाला लागली असती?" ती म्हणाली आणि गाडीत बसली.

तिने दुकानाच्या काचेवर कागद लावला. चर्चच्या दारावर लावला. मग घरी येऊन फोनपाशी बसली, जशी कधीकाळी बसायची, आणि एकामागून एक घरं लावत गेली. नंबर तिला पाठ होते. पण तेव्हा फोन वाजला की माणूस धावत यायचा, आता यंत्र येतं आणि निरोप ठेवा म्हणतं. माणसं शेतात होती, गहू पावसाच्या आत काढायचा होता, आणि घरचा फोन तर आता फसवाफसवीचाच येतो म्हणून कुणी उचलत नाही. ती प्रत्येक यंत्राला सांगत राहिली, 'मी ग्लेनिस. मर्व्हचं उद्या अकराला आहे. उद्या.' शेवटी शेवटी तिला आपलाच आवाज हिरव्या पट्टीसारखा वाटू लागला. पोहोचलं, पोहोचलं.

गुरुवारी अकरा वाजता पाद्रीबाई दारात उभ्या राहून रस्त्याकडे पाहत होत्या. "आणखी थोडं थांबू या का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नको," ग्लेनिस म्हणाली. "ज्याला कळायचं त्याला कळलंय."

पुढचा बाकही भरला नाही. आयरिस आली होती, डोळे सुजवून. कोठारावरचे दोन निवृत्त सोबती आले होते. दुकानदारीण दुकान बंद करून आली होती. लिंडसे आला नाही. बाहेर फाटकापाशी कुणी उभं नव्हतं आणि तशी गरजही नव्हती. झाडाखाली हव्या तेवढ्या जागा होत्या. हॉलमध्ये भलं मोठं भांडं भरून पाणी उकळत होतं. नेहमीच्या सवयीने तेही तिनेच पूर्ण भरलं होतं. चहा झाला, कप धुवायला काहीच वेळ लागला नाही.

"ग्लेन," मोरीपाशी आयरिस म्हणाली, "मला वाटलं तुला कुणीतरी सांगितलं असेल."

"हो ना. तुलाही तसंच वाटलं." ग्लेनिसने कप पुसून पालथा घातला. "गावात एवढी माणसं, आणि सगळ्यांना तेच वाटलं."

"माझ्यावर रागावलीस?"

"मंगळवारी तू माझ्या घरात उभी होतीस, आयरिस. हातात फोन होता. तेव्हा अजून वेळ होता."

आयरिस केकचं ताट न घेताच गेली.

शुक्रवारी जेवण झाल्यावर ग्लेनिसने मर्व्हच्या खोलीतून त्याचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट काढलं. ते तिला गुडघ्यापर्यंत आलं. ते घालून ती चर्चच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. ऊन मी म्हणत होतं. कुणीतरी सांगायला उभं राहायलाच हवं होतं, आणि फाटकाशी उभं राहायचं काम मर्व्हचं, म्हणजे घरचंच होतं.

दोनच्या आधीच गाड्या सुरू झाल्या. धुळीने भरलेल्या मोठ्या गाड्या आणि आत काळ्या पँटीतली, दाढी केलेली माणसं, मांडीवर झाकलेली ताटं. यंत्रं थांबवून आली होती सगळी. पहिली काच खाली झाली.

"काल झालं," ग्लेनिस म्हणाली. "वळवून घ्या. त्या झाडापाशी जागा आहे वळवायला."

"काल? पण वेबसाइटवर..."

"वेबसाइटवर आज आहे. वळवून घ्या, मागे गाडी थांबलीये."

पण कुणी जाईना. वळवलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला लागत गेल्या, माणसं उतरली, ताटं हातात घेऊन उभी राहिली. वरातीमागून आलेलं घोडं तरी चालत येतं, हे उभंच होतं. सॉसेज रोल, अंड्याचे सँडविच, साखर भुरभुरलेले केक, आणि उन्हात पाझरणारं क्रीम. हॉलच्या बंद दारापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून रस्त्यावर रांग झाली. तिने ती रांग पाहिली, पार रस्त्यापर्यंतची, आणि तोंड फिरवलं. कालच्या रिकाम्या बाकांनी जे केलं नव्हतं ते या रांगेने केलं.

लिंडसे शेवटच्या गाड्यांतून आला. बायकोच्या हातात दोन थरांचा स्पंज केक होता.

"मी सांगितलं होतं गं डिकला," तो लांबूनच म्हणाला. "आणि त्याच्या भावाला. त्यांनी पुढे सांगायचं होतं. मी स्वतः येणारच होतो काल, पण पावसाचा अंदाज..."

"पाऊस आला?"

"नाही."

त्याने रांगेकडे पाहिलं. "ग्लेन, बघ किती माणसं आलीत. मर्व्हला आवडलं असतं हे. हॉल उघड ना. निदान चहा घेऊ सगळे."

मर्व्हला आवडलं असतं, हेच खरं होतं आणि तेच त्याने तिला सांगावं, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. हॉलची किल्ली तिच्या खिशात होती. उघडायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती. ही सगळी ताटं उन्हात घेऊन उभी राहू देत, क्रीम वितळू दे, सगळ्यांच्या बोटांवरून वाहू दे. पण रांगेत कोठारावरची माणसं होती, मर्व्हने ज्यांच्या बापांच्या अंत्यविधीला गाड्या लावून दिल्या ती पोरं होती, आणि ती गुपचूप उभी होती. त्यांनी वेबसाइटवर विश्वास ठेवला होता. म्हणजे तिच्यावरच.

तिने किल्ली काढून लिंडसेच्या हातावर ठेवली.

"कप वरच्या कपाटात आहेत," ती म्हणाली. "झाल्यावर धुवून ठेवा. धुणारा गेला."

"तू नाही येत?"

"मी काल घेतला."

घरी येऊन तिने जाकीट खुंटीला लावलं. खिडकीतून हॉल दिसत होता. दार उघडं झालं, रांग आत सरकू लागली, आणि थोड्या वेळाने चारचौघांत चहा पिताना होतो तसा आवाज रस्ता ओलांडून यायला लागला. कुणीतरी मर्व्हची गोष्ट सांगत असावं, कारण मोठा हशा झाला. डिक आणि ट्रॅक्टरचीच असणार.

घरात उकडत होतं. तिने उठून खिडकी लावून घेतली.

रेलीनचा फोन सोमवारी आला. ती परत आली होती, फार फार वाईट वाटलं म्हणाली, आणि निधनाच्या पानावरची ती वेळ लगेच बदलते म्हणाली.

"राहू दे तशीच," ग्लेनिस म्हणाली. "गाव त्याच वेळेला आलं होतं."